बेणारेबाईंची तालीम

प्रश्न : ताई, मी सांगलीत पतसंस्थेत नोकरी करते आणि संध्याकाळी आमच्या हौशी संस्थेत नाटक. यंदा आम्ही 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेतलंय आणि बेणारे मी करतेय. आनंदानं तीन रात्री झोप नव्हती. पण महिनाभरापासून दिग्दर्शक तालमीआधी एक 'एक्सरसाइज' घेतो. मी मध्ये उभी, बाकीचे गोल करून बसतात आणि मला माझ्याच आयुष्यातले प्रश्न विचारतात. ठरलेलं लग्न का मोडलं, सध्या कुणाबरोबर फिरतेस, वगैरे. मी गप्प राहिले की म्हणतो, 'भूमिकेत शिरायचंय ना? मग लाजतेस काय? प्रायोगिक करतोय आपण.' परवा मला रडू आलं, तर टाळी वाजवून म्हणाला, 'हेच हवंय मला!' नाटक तर बाईच्या बाजूचं आहे. मग मला तालमीला जावंसं का वाटत नाही? मी जुनाट आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. अगं, त्या नाटकात काय घडतं? एक हौशी मंडळी प्रयोगासाठी गावात जाते, वेळ जात नाही म्हणून खोटा खटला खेळते, आणि खेळता खेळता मंडळीतल्याच एका बाईच्या, बेणारेच्या, खाजगी आयुष्यात हात घालते. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. तुमच्या तालमीत त्या खटल्यातले सुखात्मे, पोंक्षे, काशीकर सगळे हजर आहेत. आपण कुठली भूमिका करतोय, एवढंच त्यांना कळलेलं नाही.

बेणारेचं शेवटचं स्वगत पुन्हा वाच. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला म्हणून तेंडुलकरांनी ते लिहिलं, आणि सुलभा देशपांडे यांनी ते असं उभं केलं की पुढं कित्येक जणींनी स्पर्धांमधून तेच म्हटलं. मीही कॉलेजात म्हटलंय, स्टीलचा डबा मिळाला होता बक्षीस. चाळिशी उलटल्यावर लक्षात आलं, की ती बोलत असताना बाकीची पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. एवढं सगळं ती बोलते आणि कोर्टातल्या एकाच्याही कानावर ते पडत नाही. त्यानंतर शिक्षा काय होते, ते तुला पाठ आहेच.

आता रडण्याचं. वीस प्रयोग लागले तर वीस वेळा रडावं लागेल. जखमेची खपली वीसदा काढून ते होत नाही. श्वास कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दावर थांबायचं, आवाज कुठे सोडून द्यायचा, यातून होतं. हे ज्याला शिकवता येत नाही, तो नटीची जखम शोधत बसतो. आणि नटाची का नाही शोधत? काशीकर करणाऱ्याला मध्ये उभं करून घरी बायकोला किती बोलू देतोस, असं विचारलं का कुणी? बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप, प्रोफेसर दामले, तर नाटकात येतही नाही, त्याची सुटका आधीच झालेली.

प्रायोगिक या शब्दाला फार भिऊ नकोस. माझी पहिली पाच वर्षं प्रायोगिकमध्येच गेली, म्हणजे इस्त्री, चहा आणि हिशेबाची वही. सगळे मित्र पुरोगामी, वाचणारे, मोर्च्याला येणारे. तालीम संपली की ते 'बसायला' जायचे आणि मी शेवटची लोकल गाठायला पळायचे. दुसऱ्या दिवशी यावं तर माझा प्रवेश बदललेला. कधी बदलला? 'अगं, काल रात्री ठरलं.' नाटकातल्या बाईवर आम्ही तासन् तास वाद घालायचो, पण ती कुठे बसून ठरवली जाते हे विचारायची माझी छाती झाली नाही. तू निदान पत्र लिहिलंस.

आधी काशीकरबाईचं काम करणारीशी बोल. नाटकात त्या बिचारीला नवरा तोंड उघडू देत नाही, तालमीत तरी तिनं उघडावं. मग दोघी मिळून सांगा : प्रश्न विचारायचे ते संहितेतले आणि बेणारेला, माझ्याबद्दल एकही नाही. तालीम कधी संपणार ती वेळही लगे हाथ ठरवून घ्या. ऐकलं नाही तर नाटक सोड. इतकी मोठी भूमिका सोडायची म्हणजे पोटात कालवतं, ठाऊक आहे मला. पण बेणारे कुठे पळून जात नाही, पस्तिशीत जास्त चांगली करशील. आणि प्रकरण प्रश्नांच्या पुढे गेलं तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथे तक्रार कर. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात बिनपगारी काम करणारीही धरलेली आहे.

प्रश्न : स्त्रीवादी नाटकं इतकी रडकी का असतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काका (अक्षरावरून म्हणतेय), आपण 'मुलगी झाली हो' पाहिलेलं दिसत नाही. ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली उभं केलेलं. गाण्यांवर गाणी आणि जागोजाग चिमटे. 'व्हय मी सावित्रीबाई' सुषमा देशपांडे १९८९ पासून एकटीनं करत आल्या. त्यातली सावित्रीबाई ओट्यावर बसून बोलावं तशी बोलते, आणि चांगली हसवते. रडूच हवं असेल तर हिराबाई पेडणेकर यांची हकीकत मिळवून वाचा. त्यांचं 'संगीत दामिनी' १९१२ साली ललितकलादर्श मंडळीनं केलं. नाटक बाईनं लिहिलेलं, नाव बाईचं, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दामिनी झाला पुरुष.