वाचकांचे प्रश्न : ऊन, झोप आणि घारी

पायलटच्या कामातल्या जोखमीबद्दल इंदूरच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

मे महिन्यात दुपारच्या विमानाने मुंबईला गेलो. आमच्या बॅगा दुसऱ्या दिवशी आल्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "गरमीमुळे वजन कमी केलं." उन्हाचा आणि बॅगांचा काय संबंध? (सुदामानगर)

संबंध अगदी थेट आहे. हवा तापली की विरळ होते. मग पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. इंदूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान धरतात साधारण ११ अंश. पारा ४२ वर गेला की फरक पडतो ३१ अंशांचा. दर अंशामागे सुमारे १२० फूट धरले, तर विमानाच्या दृष्टीने ही धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर जाते, महाबळेश्वरच्याही वर.

मेख पुढे आहे. दोन्ही इंजिनं धडधडीत चालतील असं धरून वजन ठरवत नाहीत. ऐन धावेत एक बंद पडलं तर काय, हे धरून ठरवतात. चाकं आत घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला एकाच इंजिनावर किमान २.४ टक्के चढ जमायला हवा, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.४ मीटर वर. जमत नसेल तर वजन उतरवायचं. नियमाने लागणाऱ्या इंधनाला हात लावता येत नाही, माणसं उतरवली तर बोंबाबोंब होते, म्हणून बॅगांवर गदा येते. मोठ्या जेटवर मुंबईएवढ्या जवळच्या फेरीत ही वेळ सहसा येत नाही. पंख्याच्या छोट्या एटीआर विमानावर मात्र येऊ शकते.

आमच्या मते उन्हापेक्षा घाईत चुकलेला आकडा जास्त घातक. २००९ साली मेलबर्नहून निघालेल्या एका एअरबसच्या हिशेबात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. तब्बल शंभर टनांची चूक! त्यामुळे उड्डाणाचे वेग कमी निघाले, इंजिनांचा जोरही कमी लावला गेला. शेपूट पट्टीवर घासली आणि विमान पट्टी संपल्यावर कसंबसं वर गेलं. म्हणून दोघेही पायलट हिशेब वेगवेगळा करतात आणि मग ताडून बघतात. शेवटच्या क्षणी बॅगा उतरल्या की तो पुन्हा करायचा. उशीर झाला तर होऊ दे.

मुलगा को-पायलट आहे. रात्रपाळीहून आला की चिडचिड करतो, दिवसा झोप लागत नाही. काळजी वाटते. (एक आई, लोकमान्यनगर)

ताई, काळजी रास्त आहे. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोपेच्या तळाशी असतं. हात चालतात, पण निर्णय रेंगाळतो. सलग सतरा तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्यासारखा वागतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. शिवाय गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटं डोकं जड राहतं, तीही धोक्याचीच.

मे २०१० मध्ये मंगळूरला विमान अपघातात १५८ माणसं गेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टन दीड तासाहून जास्त वेळ झोपल्याचं आढळलं. विमान फार उंचावरून खाली आणलं गेलं. को-पायलटने तीनदा "गो-अराउंड" (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हटलं, तरी उतरणं थांबलं नाही. चाकं टेकली तेव्हा आठ हजार फुटांपैकी पाच हजारांहून जास्त पट्टी मागे पडली होती.

पायलटच्या ड्युटी आणि विश्रांतीबद्दल डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे) नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्र बारा ते सहा धरली जाऊ लागली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरात उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाल्यावर रात्रीच्या अटींत तात्पुरती सूटही दिली गेली. कागदावरचा नियम आणि रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) यांतलं अंतर तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं.

घरात करण्यासारखं बरंच आहे. खोली काळोखी आणि थंड ठेवा. आल्याआल्या पोटभर जेवणाचा आग्रह नको, हलकं काहीतरी द्या. ड्युटीआधी दुपारी दीड तासाची झोप मिळू द्या, त्या वेळी पाहुणे नकोत. झोपेच्या पाच-सहा तास आधी चहा-कॉफी बंद. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी पेंग येते, त्यामुळे विमानवैद्यकाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी देऊ नका. सर्दीत कान बंद झाले तर विमान खाली येताना पडद्याला इजा होऊ शकते, तेव्हा रजा घेणंच बरं. आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा होमिओपॅथीचं औषध ड्युटीआधी नकोच. उड्डाणाआधी श्वासाची तपासणी होते.

पट्टी दिसत असताना विमान पुन्हा वर का गेलं? सगळे घाबरले होते. (राजेंद्रनगर)

पायलटने नियम पाळला म्हणून. ढगात हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान स्थिर हवं. म्हणजे वेग ठरल्याच्या आसपास, खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत, चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) जागेवर. यातलं एक जरी बिघडलं तरी पूर्ण जोर देऊन नाक वर करायचं आणि वर जायचं. मागच्या उत्तरात मंगळूरला काय झालं ते पाहा. घाबरायचं तर न टाळलेल्या लँडिंगला घाबरा.

आमच्या भागात उघड्यावर मांसाचा कचरा पडतो, घारी घिरट्या घालतात. जवळच्या मॅरेज गार्डनमधून रात्री हिरवे लेझर सोडतात. विमानांना खरंच धोका असतो का? (एरोड्रोम रोड)

दोन्हींमुळे असतो. पक्षी इंजिनात गेला की धाडकन आवाज होतो, जळका वास येतो, इंजिन थरथरतं. ठरावीक वेगापर्यंत उड्डाण थांबवता येतं. तो ओलांडला की एका इंजिनावरही उडावंच लागतं, कारण थांबायला पट्टी पुरत नाही. मग चारशे फुटांपर्यंत विमान सरळ ठेवणं आणि चाकं आत घेणं एवढंच करायचं. घाईत चालू इंजिन बंद केल्याचे अपघात झालेले आहेत, म्हणून ही शिस्त. एक घार एका इंजिनाची वाट लावेल. थवा दोन्हींची लावतो. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कला हेच झालं आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात असा कचरा टाकायला विमान नियम ९१ खाली मनाई आहे. महापालिका आणि विमानतळ संचालक, दोघांकडे जागेचा फोटो जोडून तक्रार द्या.

लेझरचा झोत काचेवर पडला की सगळी काच हिरवी उजळते आणि पट्टीचे दिवे दिसेनासे होतात. पायलट डोळे चोळत नाही. आतले दिवे वाढवतो, नजर उपकरणांवर आणतो, विमान दुसऱ्याच्या हाती देतो आणि टॉवरला दिशा कळवतो. लेझर गार्डनच्या भिंतीवर किंवा छतावर मारा, आकाशात नको. डीजेवाल्याशी बुकिंगच्या वेळीच हे बोलून घ्या.