इग्बो स्त्रियांच्या अर्थकारणाचा अभ्यास : नवख्यांसाठी

इग्बो म्हणजे आग्नेय नायजेरियातला एक समाज. त्याचा अभ्यास करताना सुरुवातीलाच 1929 च्या, ब्रिटिश वसाहती सरकारविरुद्धच्या स्त्रियांच्या उठावाकडे धाव घेऊ नका. नवखे बहुधा तिथेच चुकतात. आधी शेत आणि बाजार समजून घ्या. याम (आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, रताळे नव्हे) हे पुरुषांच्या प्रतिष्ठेचे पीक होते. बाहेरून आलेला कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) मात्र त्या मानपानात अडकला नाही आणि मुख्यतः स्त्रियांच्या हाती राहिला. पामतेलाचा पैसा बहुतांशी पुरुषाकडे जाई, पण दगडाने एकेक बी फोडून काढलेला गर बाईचा असे. पामचे भाव घसरलेले असताना वसाहती सरकारने स्त्रियांची मोजदाद सुरू केल्यावर कराची धास्ती का पसरली आणि तिच्यातून तो उठाव कसा पेटला, हे मग आपसूक उमगेल. सगळ्या इग्बो गावांना एकच नियम लावू नका. नातेसंबंधांची गुंतागुंत तूर्त बाजूला ठेवलेली बरी.