गाणं मध्येच थांबवलं तेव्हा

"मॅडम, गाणं लावलं की गप बसतंय, बंद केलं की डोकं आपटतंय. आता तुम्हीच सांगा, गाणं लावू का नको?"

सांगलीत मी स्वमग्न मुलांबरोबर काम करते, तिथल्या माझ्या खोलीत बसल्या बसल्या एका आईने हाच प्रश्न विचारला. मांडीवर साडेपाच वर्षांचा मुलगा. घरात त्याला सगळे पिल्लू म्हणतात, इथेही तेच म्हणू या. ओळख पटेल असे बाकीचे तपशील मी बदलले आहेत. पिल्लूच्या हातात मोबाईल होता आणि त्यावर एका जाहिरातीची धून चालू होती. आठ-नऊ सेकंदांची. संपत आली की त्याचं बोट खालची पट्टी मागे ओढायचं आणि धून पुन्हा सुरू. पाऊण तासात ती किती वेळा वाजली याचा हिशेब मी ठेवला नाही, पण त्याचं बोट एकदाही चुकलं नाही. दर वेळी नेमकं त्याच जागी.

स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान तो साडेतीन वर्षांचा असताना झालं होतं. हाक मारली तरी वळून बघत नाही म्हणून आधी बेरा चाचणी करून ऐकू येतंय ना, हे पाहिलेलं. कान उत्तम होते. दीड वर्षाचा असताना 'बाबा', 'पाणी' असे चार-पाच शब्द यायचे, ते हळूहळू गेले. आता काही हवं असलं की तो आईचं मनगट धरून तिला त्या वस्तूपाशी घेऊन जायचा. मिक्सर लागला की कानांवर हात. आणि हाच मुलगा शेजारच्या घरात लागणाऱ्या मालिकेची धून भिंतीपलीकडून ऐकून जशीच्या तशी, त्याच पट्टीत गुणगुणायचा.

ज्याला 'आई' म्हणता येत नाही त्याला सूर कसा सापडतो, हे कोडं आईवडिलांना फार छळतं. यात नवल असलं तरी ते नवं नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांविषयी तो प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हापासून हे नोंदलं गेलेलं आहे. त्यातला पहिलाच मुलगा एक वर्षाचा असताना कितीतरी चाली बिनचूक गुणगुणायचा. पुढे सुटे सूर लक्षात ठेवण्याच्या चाचण्या झाल्या, त्यांतही स्वमग्न मुलांपैकी काही जण इतरांपेक्षा सरस ठरली. काही जण. सगळी नाही.

आईने मग पर्समधून स्वतःचा मोबाईल काढला. नणंदेने पाठवलेला एक व्हिडिओ होता. अमुक राग रोज सकाळी चाळीस दिवस ऐकवा, मूल बोलू लागेल. सत्तावीस दिवस झाले होते. "एक दिवस चुकला तर परत पहिल्यापासून मोजायचं का हो?" तिने विचारलं. मला फार वाईट वाटलं. घरकाम, नोकरी, दोन थेरप्या आणि वर हे मोजत राहणं.

मी तिला स्पष्ट सांगितलं की नुसतं ऐकवून स्वमग्नता जाईल असा कुठलाही राग नाही. तो व्हिडिओ करणाऱ्याने तुमच्या आशेवर धंदा केला आहे. एक दिवस चुकल्याने काहीही बिघडत नाही, कारण चाळीस दिवस पाळल्यानेही काही घडत नाही.

"म्हणजे गाण्याचा उपयोगच नाही?"

उपयोग आहे. पण कशाचा आणि किती, हे आधीच समजून घेतलेलं बरं. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. चार ते सात वर्षांची मुलं, पाच महिने प्रशिक्षित संगीतोपचारतज्ज्ञांबरोबर प्रत्यक्ष वादन-गायन. स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांच्या मोजणीत या मुलांमध्ये आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्या मुलांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. २०२२ साली २६ अभ्यासांचा, १,१६५ जणांचा एकत्रित आढावा आला. त्याचं चित्र थोडं आशादायक आहे. संगीतोपचारानंतर एकंदर स्थिती सुधारण्याची शक्यता वाढते आणि जगण्याची प्रतही सुधारते, असं त्यात दिसलं. मात्र बोलणं वाढतं याचा स्पष्ट पुरावा त्यातही मिळाला नाही. मी हे आकडे आईवडिलांसमोर ठेवतेच. एखाद्या घरात आशा किती धरायची, हे त्या घराने ठरवायचं असतं आणि त्यासाठी खरी माहिती हातात लागते.

आणि काही मुलांना संगीत नकोच असतं. माझ्याकडे येणारी नऊ वर्षांची एक मुलगी पेटीचा भाता हलताना होणाऱ्या फुस्स आवाजानेच कासावीस व्हायची. तीन वेळा प्रयत्न करून आम्ही पेटी कपाटात ठेवली. ती झोपाळ्यावर खुलते. तिच्याशी सगळं काम झोपाळ्यावर चालतं.

पिल्लूचं तसं नव्हतं. तो तिसऱ्यांदा आला त्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगते.

मी संगीतोपचारतज्ज्ञ नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या विशेष शिक्षिका पेटी वाजवतात. त्यांनी पिल्लूची ती जाहिरातीची धून पेटीवर धरली. त्याने त्यांच्याकडे न बघता त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला. पट्टी चुकली होती. त्यांनी दुसरी धरली, पुन्हा हात बाजूला. तिसऱ्या वेळी काळी चार लागली आणि मोबाईलवरचं त्याचं बोट थांबलं. बाईंनी पूर्ण धून दोनदा वाजवली. तिसऱ्या वेळी शेवटच्या सुरापाशी येऊन थांबल्या.

खोलीत एकदम शांतता. पिल्लूने पुढे-मागे झुलणं थांबवलं. आईच्याने राहवेना, ती म्हणाली, "म्हण की रे बाळा, म्हण की," आणि मी तिच्या हातावर हात ठेवला. मोठ्या माणसांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. मूल बोलत नाही म्हटल्यावर आपण त्याच्या वाटची जागाही आपल्या बोलण्याने भरून टाकतो. प्रश्न आपण विचारतो, उत्तर आपण देतो, वर शाबासकीही आपणच देतो. त्याला उत्तर जुळवायला जितका वेळ लागतो, तितक्यात आपले तीन प्रश्न होऊन गेलेले असतात.

सात-आठ सेकंद गेले असतील. पिल्लूने तो शेवटचा सूर गुणगुणला. अगदी हळू, पण नेमका. बाईंनी त्याच क्षणी तोच सूर पेटीवर धरला. पुन्हा धून, पुन्हा थांबणं, पुन्हा त्याचा सूर. पाचव्या खेपेला त्याने मान वर करून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. आता थांबणार ना, असं विचारल्यासारखं. आई रडायला लागली. साडेपाच वर्षांत तो परक्या माणसाकडे काहीतरी अपेक्षेने बघतोय, हे तिने पहिल्यांदा पाहिलं होतं.

घरचा मोबाईल आणि ही पेटी यांत फरक हाच होता. धून तीच, पट्टी तीच. मोबाईल कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्याला कुणाची गरजही लागत नाही. बाई थांबल्या म्हणून त्याला काहीतरी करावं लागलं. बोलण्यात दर वेळी शब्द वेगळे, आवाज वेगळा, चेहरा वेगळा. पुढे काय येणार याचा अंदाजच लागत नाही. ओळखीच्या धुनेत पुढचा सूर पक्का ठाऊक असतो. तेच ते हवं असण्याचा त्याचा हट्ट, ज्यापायी घरचे थकून जातात, तोच इथे कामाला आला.

म्हणून आईच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं होतं: मोबाईल हिसकावू नका, एकदम बंदही करू नका. पण दिवसातून दोन वेळा तीच धून तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणा, आणि मध्ये थांबा. मनात दहा मोजा. त्याने काही नाही केलं तर न रागावता पुरी करा. पाच मिनिटांच्या वर नको.

आईला नोकरीमुळे सकाळी वेळ नव्हता. आजी म्हणाली, "आंघोळ मी घालतो, मी म्हणतो की." आजी जात्यावर ओव्या म्हणत वाढलेली. तिला 'म्हणा आणि थांबा' शिकवावं लागलंच नाही. जात्यावर एकीने ओळ टाकायची आणि दुसरीने उचलायची, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने जाहिरातीच्या धुनेवर स्वतःचे शब्द बसवले. एक तांब्या डोक्यावर, एक तांब्या पाठीवर, एक तांब्या पोटावर, उरला तांब्या... आणि तांब्या हातात धरून गप्प.

दीड महिना पिल्लू नुसता सूर लावायचा. मग एक दिवस सुराबरोबर 'पा' आला. 'पायावर'मधला.

इथे मी लगेच स्पीच थेरपिस्टना फोन केला. गाण्यात आलेला शब्द गाण्यातच अडकून राहण्याचा धोका असतो. मूल गाण्यात 'पा' म्हणतं आणि तहान लागली की पुन्हा आईचं मनगट धरतं. 'पाणी'ही 'पा'नेच सुरू होतं, म्हणून त्यांनी 'पाणी'चं चित्रकार्ड माठाशेजारी लावलं आणि आजीला सांगितलं की त्याने कार्डाला हात लावला की त्याच धुनेत 'पा...' म्हणून थांबायचं. माठासमोर त्याने पहिल्यांदा 'पा' म्हटलं त्याला आणखी चार महिने लागले. तेही गाण्याच्याच पट्टीत. चार वर्षांपूर्वी गेलेला शब्द अर्धा परत आला होता.

वडिलांना एवढ्यावर थांबणं कठीण गेलं, आणि मला त्यांचं मन कळतं. ज्या मुलाविषयी तीन वर्षं फक्त 'येत नाही' असंच ऐकलं, त्याला एक गोष्ट इतकी सुंदर येते म्हटल्यावर बाप मागे कसा राहील? त्यांनी गायनाच्या क्लासला घातलं. शिक्षक प्रेमळ होते, पण सात मुलं, तासभर मांडी घालून बसणं, आणि त्याला न भावणारी पट्टी. मग घरातल्या एका बारशाला चाळीस माणसांसमोर त्याला उभं केलं, "म्हण, बाळा." त्याने स्वतःचं मनगट चावलं, रक्त येईपर्यंत. नंतर तीन आठवडे तो गुणगुणलाच नाही. आंघोळीलासुद्धा नाही.

वडील माझ्यासमोर बसून म्हणाले, "माझ्यामुळं गेलं सगळं." तसं नव्हतं. त्याच्यासाठी गाणं हे एका माणसाबरोबर असण्याचं साधन होतं, चाळीस जणांसमोर ते साधनच राहिलं नाही. आम्ही क्लास थांबवला. वडिलांना मी दुसरं काम दिलं: रात्री त्याच्या पाठीवर धुनेचा ठेका हलक्या हाताने धरायचा, तोंडाने काही म्हणायचं नाही, मागायचं नाही. ठेका शेवटी अपुरा सोडायचा. बावीस-तेवीस दिवसांनी पिल्लूने मागे हात नेऊन वडिलांच्या गुडघ्यावर ती शेवटची थाप दिली.

गणपतीचं थोडक्यात सांगते, कारण दरवर्षी हे विचारलं जातं. सूर आवडणाऱ्या मुलाला ढोल-ताशा आवडेलच असं नाही, आणि सवय व्हावी म्हणून मिरवणुकीत नेणं हा छळ आहे. पिल्लू सकाळी साडेसातला, स्पीकर लागायच्या आत मांडवात जाऊन दर्शन घेतो. कानांवर आवाज अडवणारी कवचं असतात. विसर्जनाच्या दिवशी तो आजीबरोबर मामाच्या मळ्यात असतो.

त्या दिवाळीनंतर वडिलांनी विचारलं, मिरजेला नेऊ का? मिरज आमच्यापासून दहा-बारा किलोमीटर, आणि तिथल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे-सतारी बनतात. मीही गेले. कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारेचा झंकार जुळवत होते. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. तोच सूर पन्नास वेळा. दुसऱ्या कुणाला कंटाळा आला असता. पिल्लू चालत पुढे गेला आणि त्याने तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल टेकवला. कारागिरांनी आमच्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ते काही न बोलता काम करत राहिले. वीस मिनिटं तो तसाच उभा होता. आईच्या पर्समधला मोबाईल त्याने मागितला नाही.

आज त्याला येऊन सव्वा वर्ष झालं. अकरा शब्द आहेत, त्यांतले सहा अजून फक्त चालीत येतात. चित्रकार्डं चालू आहेत, ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे, डोकं आपटणं कमी झालंय पण गेलेलं नाही. मिक्सर अजूनही दुसऱ्या खोलीत दार लावून चालवतात. आईने त्या व्हिडिओचे दिवस मोजणं कधीच सोडलं.

गेल्या आठवड्यात आजी आली होती. गुडघे दुखत असताना दोन जिने चढून वर आली, कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणे. आंघोळीला तिने नेहमीसारखी सुरुवात करायच्या आधीच पिल्लूने तिच्या हातातला तांब्या घेतला. धून त्याने धरली. डोक्यावर, पाठीवर, पोटावर; शब्द नाहीत, नुसते सूर. आणि शेवटच्या सुरापाशी येऊन तो थांबला. तांब्या तसाच वर धरलेला, पाणी हाताच्या कोपरावरून गळतंय, आणि नजर आजीच्या तोंडावर.

"मला काय सुधरंना बघा," आजी म्हणाली, "मग ध्यानात आलं. माझी पाळी हाय म्हणतंय."