गॅप जंक्शनचं किडनीत काय काम?

लातूरला नर्सिंग शिकताना तुम्हाला प्रश्न पडलाय की गॅप जंक्शन हृदयाच्या धड्यात येतात, मग किडनीच्या रक्तप्रवाहाशी त्यांचा काय संबंध? संबंध थेट आहे, आणि पुस्तकं तो दोन ओळींत उरकतात हे मला खटकतं.

गॅप जंक्शन म्हणजे शेजारच्या दोन पेशींना जोडणारी बारीक नळी. कनेक्सिन नावाची सहा प्रथिनं मिळून तिची अर्धी नळी होते. शेजारच्या पेशीची अर्धी तिला भिडली की दोन्ही पेशींत आरपार वाट मिळते. तीतून आयन आणि साधारण 1000 डाल्टनपर्यंतचे लहान रेणू जातात, प्रथिनं जात नाहीत. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांत कनेक्सिन 37, 40, 43 आणि 45 आढळतात.

किडनीच्या नलिकेतल्या पाण्यात मीठ वाढलं की मॅक्युला डेन्सा (नलिकेच्या भिंतीतल्या खास पेशींचा पट्टा) ते ओळखून एटीपी हा रेणू सोडते, त्यापासून अॅडेनोसिन बनतं. गंमत अशी की खुद्द मॅक्युला डेन्सात गॅप जंक्शन नाहीत. मॅक्युला डेन्साला खेटून असलेल्या मेसँजियल पेशींत मात्र ती भरपूर आहेत. तिथून संदेश अॅफरंट आर्टेरिओलच्या (किडनीच्या गाळणीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या) स्नायूंपर्यंत पोचतो आणि ती आवळते. पुढे हा विद्युत बदल भिंतीतल्या पेशींमधून उगमाकडे सरकतो, त्यामुळे त्याच फांदीवरच्या शेजारच्या नेफ्रॉनचा (गाळणी आणि तिची नलिका) रक्तप्रवाहही बदलतो. दाब वाढल्यावर स्नायू स्वतःहून आवळतो तो प्रतिसाद काही सेकंदांचा. ही मिठाची साखळी त्याहून संथ. दोन्ही मिळून दाब 80 ते 180 मिमी असेपर्यंत प्रवाह जवळपास स्थिर ठेवतात.

माझ्या मते खरा कळीचा आहे तो कनेक्सिन 40. रेनिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारं विकर, सोडणाऱ्या पेशींत तो मुबलक असतो. इतर बहुतेक ग्रंथिपेशींत कॅल्शियम वाढलं की स्राव वाढतो. इथे उलट, रेनिन कमी होतं. 'दाब पुरेसा आहे, थांबा' हा निरोप पोचायला कनेक्सिन 40 लागतो. तो काढून टाकलेल्या उंदरांत दाब वाढूनही रेनिन आवरत नाही, रक्तदाब चढाच राहतो, आणि रेनिनच्या पेशी आर्टेरिओलच्या भिंतीतली जागा सोडून बाहेर सरकतात.

एक गल्लत मात्र टाळा. मे महिन्यात उन्हात राबून शरीरातलं पाणी आटलेल्या माणसाने डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेतल्यावर क्रिएटिनिन वाढतं (म्हणजे किडनी कमी गाळते), त्याचं खापर कनेक्सिनवर फोडू नका. तेव्हा तीच अॅफरंट आर्टेरिओल प्रोस्टाग्लँडिन या शरीरात बनणाऱ्या रसायनाच्या जोरावर उघडी असते आणि गोळी नेमकं ते रसायनच बनू देत नाही. त्यात एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो.