वेशीवरून शहर ओळखावं

प्रश्न : ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला घेतलाय. त्यातल्या शहरांत सरस व्हाइटरन की सॉलिट्यूड, यावरून आम्हा मित्रांत वाद चाललाय. तुम्ही मार्कार्थचं कौतुक करता, पण मला ते नुसतं उदास वाटतं. तुमचा क्रम सांगाल? – एक वाचक, सांगली

उत्तर : मार्कार्थ, विंडहेल्म, व्हाइटरन, रिफ्टन, सॉलिट्यूड. २०११ साली आलेल्या या गेममध्ये तटबंदीची मोठी शहरं ही पाचच, आणि मी त्यांना वेशीवरून जोखते. पहिल्यांदा आत शिरताना समोर काय घडतं, आणि पुढे शहर त्याला जागतं का?

सॉलिट्यूडच्या वेशीवर रॉगवीर नावाच्या माणसाचा शिरच्छेद होतो. ‘काकाला मारू नका’ म्हणून एक लहान मुलगी विनवत असते. एवढी जबरदस्त सुरुवात, पण पुढे शहर दरबार आणि दुकानांत रमतं. खडकाच्या कमानीवर ते दिसतं मात्र देखणं. रिफ्टनचा पहारेकरी कर म्हणून लाच मागतो. आत चोरांची संघटना आहेच, तेव्हा तिथे बोलणं आणि वागणं एक.

व्हाइटरनवर माझाही जीव आहे. पाच हजार सुवर्णमुद्रांत मिळणारं ब्रीझहोम हे घर, चौकातलं वठलेलं गिल्डरग्रीनचं झाड, त्याच्यासाठी झुरणारी पुजारीण डॅनिका. तिथे घरी आल्यासारखं वाटतं, पण शहर आपल्याकडून फारसं काही मागत नाही.

विंडहेल्म मागतं. शिरताक्षणी दोन स्थानिक नॉर्ड एका डनमर (डार्क एल्फ) बाईला धमकावताना दिसतात. मग डनमरांच्या वस्तीच्या, ग्रे क्वार्टरच्या अरुंद गल्ल्या. सरड्यासारख्या दिसणाऱ्या आर्गोनियनांना तर तटाच्या आत राहूच देत नाहीत, ते धक्क्यावर राबतात. हे सगळं बंडखोरांचा नेता असलेल्या उल्फ्रिकच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. बंडात त्याची बाजू घ्यायची का, हे मी त्या गल्ल्यांत फिरून ठरवलं.

आणि मार्कार्थ. भर बाजारात एका बाईवर सुरी चालते आणि पहारेकरी म्हणतात, काही झालंच नाही. डोंगरात कोरलेलं, ड्वेमर या लुप्त जमातीचं शहर, पलंगसुद्धा दगडाचे. या भागातले मूळचे रहिवासी रीचमेन वॉरन्स या गरीब वस्तीत खितपत पडलेले, नाहीतर सिडना खाणीत. ही चांदीची खाण हाच तुरुंग, आणि मालक सिल्व्हर-ब्लड घराणं. म्हणजे जितके कैदी जास्त, तितके फुकटचे मजूर जास्त. तुम्हाला जाणवलेली उदासी इथून येते, आणि ती अगदी खरी आहे.

या खेपेला, त्या सुरीहल्ल्याचा छडा लावायला सांगणाऱ्या एल्ट्रिसचं काम अर्धवट सोडू नका. शेवटी टॅलोसच्या देवळात पहारेकरी घेरतील, तेव्हा लढू नका, अटक होऊ द्या. खाणीत ब्रेग या कैद्याशी बोला. त्याच्याऐवजी स्वतः शिक्षा भोगायला निघालेल्या त्याच्या मुलीचं काय केलं, ते तो सांगेल. मग रीचमेनांचा कैदेतला म्होरक्या मॅडानॅक याला मारून सुटायचं की त्याच्यासोबत, हे ठरवा. मी त्याच्यासोबत निघते. बाहेर रक्त सांडतं हे ठाऊक असतं, तरी ब्रेगचं ऐकल्यावर सिल्व्हर-ब्लडांची माफी घेऊन बाहेर पडणं मला जमत नाही.