एसीएलच्या ऑपरेशननंतर साडेपाच महिन्यांनी मैदानात उतरावं का?

तुमच्या धाकट्या भावाच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला होता, त्याच्या जागी मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूच्या कंडऱ्याचा (दोरीसारख्या टोकाचा) ग्राफ्ट घालून साडेपाच महिने झाले, गुडघा दुखत नाही, कागदावर 'सहा महिन्यांनी खेळायला हरकत नाही' असं लिहिलंय आणि पेडण्यात शेतातल्या मैदानावर वाड्याची फुटबॉल स्पर्धा तोंडावर आली आहे. उतरू दे का, असा तुमचा प्रश्न. नको.

गोव्यात फिजिओ म्हणून काम करताना हे 'सहा महिने' दर मोसमात कानावर येतात, आणि दर वेळी माझं डोकं उठतं. १९९० मध्ये अमेरिकेत शेलबर्न आणि निट्झ यांनी गुडघा लवकर हलवायची पद्धत मांडली. तिच्यात चार ते सहा महिन्यांत खेळाकडे परतायची मुभा होती. पाय लवकर हलवायचं सूत्र योग्यच होतं, पण त्यातली तारीख तेवढी लोकांच्या डोक्यात बसली. गुडघ्यात बसवलेला कंडरा आधी रक्तपुरवठा गमावतो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात कमजोर होतो आणि मग वर्ष-दोन वर्षं नव्याने विणला जातो. यातलं काहीच दुखून कळत नाही. २०१६ मध्ये डेलावेअर आणि ऑस्लोच्या १०६ खेळाडूंचा अभ्यास आला: नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. ताकद-उडीच्या कसोट्या पार न करता उतरलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पार करून उतरलेल्यांत ५.६ टक्के.

डिचोलीकडचा एक बचावपटू होता, सहा महिने पूर्ण झालेला. प्रशिक्षक स्वतः घेऊन आले. 'सर, एका पायावर लांब उडी बघा, दोन्ही पाय सारखे.' खरंच ९५ टक्के होती. मग उंच उडी घेतली, तर ऑपरेशनचा पाय पार मागे पडला. मोबाइलवर समोरून हळू गतीचं चित्रण केलं: जमिनीला टेकताना गुडघा आत वळत होता, धड त्याच बाजूला कलत होतं. वजनकाट्यावर मांडीची ताकद मोजली (कशी, ते पुढे सांगतो): चांगला पाय ६१ किलो, ऑपरेशनचा ४२. म्हणजे ६९ टक्के. दोहाच्या अस्पेतार या खेळाडूंच्या रुग्णालयात हेच मोजलं गेलंय: लांब उडीत झेप घेताना गुडघ्याचा वाटा साधारण आठवा हिस्सा, उंच उडीत एक तृतीयांश. नितंब आणि घोटा मिळून लांब उडी मारून देतात आणि मांडीची कमजोरी झाकली जाते. प्रशिक्षक म्हणाले, पोराला जिद्द नाही. मुलगा तो मोसम बाहेर बसला, आणि तेच बरोबर होतं. जिद्दीने क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, भरत नाही, वजनाने भरतो.

काट्याचं सांगतो, कारण महागडं यंत्र नाही म्हणून कोणी मोजतच नाही. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा घेऊ नका, तो ५० किलोवर संपतो. दोनशे किलोचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. भक्कम बाकावर बसून मांड्या पट्ट्याने आवळा, गुडघा ९० अंशांत ठेवा, घोट्याच्या वर पट्टा बांधून काटा मागे खांबाला अडकवा. ओढ नडगीला काटकोनात हवी. पट्टा तिरका गेला की आकडा खोटा. दोन्ही पायांना पट्टा सारख्याच अंतरावर. पाच सेकंद जोर, तीन प्रयत्न, सर्वांत मोठा आकडा धरा. नुसती दोन पायांची तुलना फसवते, कारण खेळ बंद असताना चांगला पायही उतरतो. म्हणून शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे तीन न्यूटन-मीटर (गुडघ्याभोवती फिरवणाऱ्या जोराचं माप) हे लक्ष्य ठेवा. ७० किलोच्या मुलाला २१० लागतात. गुडघा ते पट्टा ३५ सेंटिमीटर असेल तर काट्यावर साधारण ६१ किलो.

कमी भरलं तर लेग एक्स्टेन्शन, एका पायाने, आठवड्यात तीनदा, ६ ते ८ आवर्तनांचे चार सेट, आणि शेवटची दोन जेमतेम निघतील एवढं वजन. नुसत्या स्क्वॉटवर भागत नाही, नितंब भार चोरतो. हॅमस्ट्रिंगमधूनच ग्राफ्ट काढलाय, तर पोटावर झोपून टाच ढुंगणाकडे ओढायची ताकदही तपासा. गुडघा पूर्ण दुमडताना ती बाजू बऱ्याचदा कमी पडते. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या बाजूचं पाणी वर सारून बाहेरून खाली हात फिरवा. आत फुगवटा परत आला तर भार कमी करा.

नी-कॅप घालून उतरवू, असं वाड्यावरचं कोणीतरी म्हणेलच. ती ग्राफ्टला वाचवत नाही. सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात कापल्यावरची जमीन म्हणजे सड, भेगा, मध्येच मोडलेला बांध; स्टड अडकला की पाय तिथेच राहतो आणि अंग फिरतं. आधी सपाट टर्फवर सरळ धावणं, मग ठरवून ४५ आणि ९० अंशांची वळणं, मग चेंडूमागे न ठरवता वळणं, मग धक्काबुक्कीसह सराव, मग सामन्यात २० मिनिटं. शेतातलं मैदान सगळ्यात शेवटी.

एक राहिलं. ऑपरेशनच्या कागदात मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवल्याची नोंद आहे का बघा. असेल तर खोल बैठक आणि वळणांचा क्रम सर्जनला विचारूनच ठरवा. आणि टाच उशीवर ठेवून गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ होत नसेल, तर ताकदीआधी तो दाखवून घ्या. ग्राफ्टच्या पुढे गाठ धरलेली असू शकते, आणि ती व्यायामाने जात नाही.