पाढे पाठ, तरी शाब्दिक उदाहरणात हात थांबतो

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की पालकांकडून एकच काळजी पुन्हा पुन्हा ऐकू येते : "मॅडम, पोराले पाढे पाठ आहेत, लसावि काढता येते, पण शाब्दिक उदाहरण आलं का हात थांबते." (लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, दिलेल्या सगळ्या संख्यांच्या पाढ्यांत येणारी सर्वांत लहान संख्या.) पालक याला भीती म्हणतात. मी मात्र भीतीचा उगम मनात शोधण्याआधी वहीत शोधते, आणि बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो.

आठवीतल्या एका मुलाची वही आठवते. दोन घंटा अनुक्रमे ६ आणि ८ मिनिटांनी वाजतात. आता एकत्र वाजल्या, तर कमीत कमी किती मिनिटांनी पुन्हा एकत्र वाजतील? उत्तराच्या जागी आधी २ होते, ते खोडून ४८ लिहिले होते, आणि तेही खोडले होते.

"२ कसे आले?"

"मसावि काढला. कमीत कमी विचारलं ना."

मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक, दोन्ही संख्यांना भाग देणारी सर्वांत मोठी संख्या; इथे हवा होता लसावि. मूल उदाहरण वाचत नव्हते, त्यातला एक शब्द पकडत होते. सराव वाढवून ही खोड जात नाही, उलट ती पक्की होते, हे माझे अनुभवांती झालेले मत आहे. म्हणून मी घंटा बाजूला ठेवल्या आणि घरच्या ओलिताची चौकशी केली. वांग्यांना दर ६ दिवसांनी पाणी, संत्र्याला दर ८ दिवसांनी. दोन्ही पाळ्या एकाच दिवशी आल्या की वडिलांना रात्रभर मोटारीजवळ जागावे लागते, असे त्याने सांगितले.

"आज दोन्ही पाळ्या होत्या. पुढची जागरणाची रात्र केव्हा?"

त्याने वहीत दोन ओळी मांडल्या : ६, १२, १८, २४ आणि ८, १६, २४. पेन्सिल थांबली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "४८ पण आहे, पण ती दुसरी रात्र आहे." त्या वाक्यासाठी मी तीन बैठका थांबले होते. ६ आणि ८ या दोघांतही २ हा अवयव आहे. सरळ गुणाकारात तो दोनदा मोजला जातो, म्हणून २४ च्या जागी ४८ येतात. २ दिवसांनी तर कोणतीच पाळी नसते, हे त्याला आता सांगावे लागले नाही.

पालकांनी घरी एवढेच पाहावे, की मूल आकडेमोडीआधी पाळ्यांची ओळ मांडते का आणि आलेले उत्तर दिलेल्या प्रत्येक संख्येच्या पाढ्यात बसते का. लसावि मोठ्या संख्येपेक्षा लहान असूच शकत नाही, तसाच मसावि लहान संख्येपेक्षा मोठा नसतो. वेगवेगळ्या लांबीचे दोर शक्य तितक्या मोठ्या समान तुकड्यांत कापायचे असतील तर मसावि, फेऱ्यांची पुन्हा गाठ पडायची असेल तर लसावि. परंतु लसाविचा हा आडाखा सुरुवात एकत्र झाली असेल तरच चालतो, आणि खासगी शिकवण्यांत नेमकी हीच अट अनेकदा गाळली जाते.

ती अट त्या मुलाने स्वतःच हुडकली. "वांग्याले एक दिवस उशिरा पाणी दिलं तर?" असे विचारून त्याने १, ७, १३, १९, २५ अशी ओळ लिहिली. सगळ्या विषम संख्या. संत्र्याच्या मात्र सगळ्या सम. बाकावर बसलेले वडील वहीवर वाकले आणि म्हणाले, "म्हणजे ह्या दोघायची गाठच पडत नाही?"

त्या आठवड्यापासून त्यांच्या वावरात वांग्यांचे पाणी एक दिवस पुढे गेले.